पडद्यावरची गिटार

गिटार दुकानातून न आणता स्वतः बनवायची, आणि तीही कोणा कारागिराच्या हाताखाली न बसता, घरच्या संगणकावर चित्रफिती पाहून. अशा शिकवण्या आता पुष्कळ निघाल्या आहेत. आम्ही पाहिलेल्या बहुतेक अमेरिकेतल्या होत्या. शिकवणारे लोक हौशी नसतात, गिटार बनवण्यात उभे आयुष्य घातलेले कारागीर असतात. पैसे भरले की तीस-चाळीस पाठ खुले होतात. पहिल्या पाठात लाकडाच्या दोन फळ्या, शेवटच्या पाठात तारा चढवलेली, चकाकणारी गिटार आणि ती छेडणारा प्रसन्न गुरू.

आम्ही, म्हणजे प्रस्तुत लेखक आणि प्रयोगशाळेतले एक सहकारी (ते गिटार बरी वाजवतात, लेखकाला फक्त रंधा चालवता येतो), असा एक अभ्यासक्रम विकत घेऊन त्याबरहुकूम पुण्यात एक गिटार बनवली. त्याशिवाय आणखी चार अभ्यासक्रमांतले निवडक पाठ पाहिले. त्यांची नावे येथे देत नाही. जे दोष सांगणार आहोत ते कमी-अधिक प्रमाणात सगळ्यांतच आहेत, आणि आमची गिटार फुटली त्यात आमचाही वाटा आहे. गिटारमध्ये रस नसलेल्या शिक्षकांनीही पुढे वाचावे अशी विनंती आहे. प्रयोगाची चित्रफीत दाखवली की प्रयोग 'झाला', अशी नोंद करण्याची पद्धत शाळांतून आता बरीच रुळली आहे. ती कितपत खरी, याचा पडताळा गिटारसारख्या वस्तूत रोखठोक मिळतो.

आधी जमेची बाजू. पटाशीला धार लावणे, दोन अर्ध्या फळ्यांच्या कडा इतक्या सरळ करणे की उजेडासमोर धरल्या तर मधून रेघभरही प्रकाश दिसू नये, बाजूच्या पट्टीच्या आतून खाचा पाडलेली पट्टी चिकटवणे, ही कामे चित्रफितीतून उत्तम शिकता येतात. कॅमेरा गुरूच्या खांद्यावरून पाहतो. ती जागा खऱ्या कारखान्यात नवशिक्याला सहसा मिळत नाही. शिवाय तोच पाठ दहा वेळा पाहिला तरी गुरू वैतागत नाही. चिकटवलेल्या पट्ट्या दाबून ठेवायला आम्ही कपडे वाळत घालण्याचे चिमटे वापरले, आणि फळीवर आधारपट्ट्या दाबण्यासाठी लागणाऱ्या लवचीक काठ्या बुरूड आळीतून आणलेल्या बांबूच्या केल्या. अभ्यासक्रमाबरोबर आलेल्या सामानाच्या यादीत या दोन्ही गोष्टींच्या जागी बरीच महाग साधने होती. पुष्कळ अभ्यासक्रम अवजारे विकणारी दुकानेच चालवतात, त्यामुळे हे व्हायचेच. पाठ आणि पाठ झाकून ठेवलेली विक्री यांतला फरक विद्यार्थ्याने आपला आपण ओळखावा लागतो.

आता तक्रारीकडे वळू.

गिटारच्या बाजूच्या पट्ट्या साधारण दोन मि.मी. जाडीच्या असतात. आमच्या गिटारला त्या शिसवीच्या होत्या. (हे लाकूड आपल्या सह्याद्रीतही होते. ब्राझीलचा शिसवी दुर्मिळ झाल्यापासून, म्हणजे १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून, जगभरचे गिटारवाले ते वापरतात.) पट्टी ओली करून तापलेल्या नळीवर दाबत दाबत वाकवतात. लाकडातला लिग्निन हा घटक उष्णतेने मऊ पडतो, आणि त्या अवस्थेत लाकूड वळवता येते. प्रश्न असा की ते मऊ पडले हे कळते कसे? जाणकार कारागिराला ते तळव्याला कळते. पट्टीचा विरोध एकाएकी सैल होतो. त्याआधी पाण्याचा चर्र आवाज येत असतो तो बदलतो, वासही बदलतो. आमच्या गुरूने पट्टी नळीवर ठेवली, दोन वाक्ये बोलला, आणि दृश्य बदलले. पुढच्या दृश्यात पट्टीला सुरेख कंबर आलेली होती. मधल्या दहा-बारा मिनिटांच्या जागी वेगाने पळवलेली चित्रे होती आणि त्यांवर पार्श्वसंगीत होते. संगीत अर्थातच गिटारचे.

हे संगीत हा आमच्या रागाचा विशेष विषय आहे. रंधा धार लागलेला असेल आणि लाकडाच्या रेषेच्या बाजूने चालत असेल तर त्याचा आवाज एक असतो. रेषेच्या उलट गेला की तो खरखरतो आणि लगेच टवका निघतो. नवशिक्याला डोळ्यांच्या आधी कानांनी हे कळू शकते. पण या अभ्यासक्रमात जिथे जिथे रंधा चालतो तिथे तिथे त्याचा आवाज बंद करून वर मंजुळ सुरावट घातलेली आहे. वाद्य बनवायला शिकवणाऱ्याने ऐकण्यासारखा आवाज पुसून टाकावा, याला काय म्हणावे?

जिथे आवाज मुद्दाम ऐकवला आहे तिथेही गोची आहे. तासलेली फळी चिमटीत धरून बोटाच्या पेराने ठोकायची आणि तिचा नाद ऐकायचा, हा सगळ्याच अभ्यासक्रमांतला मानाचा प्रसंग. गुरू ठोकतो, मान डोलावतो, "ऐकलेत?" म्हणतो. आम्ही काहीच ऐकले नाही. बंद झालेल्या गिटारमध्ये आतल्या हवेचा मुख्य अनुनाद सुमारे १०० हर्ट्झला असतो (बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर येतो त्याच जातीचा), आणि वरच्या फळीचा २०० हर्ट्झच्या आसपास. संगणकाच्या लहान स्पीकरमधून या पट्टीतला आवाज फारच क्षीण येतो. म्हणजे गुरूच्या खोलीतला नाद आणि आमच्या कानातला नाद या दोन वेगळ्या वस्तू होत्या, आणि तो मात्र एकाबद्दल बोलत होता.

बरे, फळी धरायची कुठे? गुरू ती वरून थोडे खाली धरतो, पण का ते सांगत नाही. याचे उत्तर कोणत्याही शाळेत काढता येते. दोन्ही टोके मोकळी असलेली पट्टी आपल्या मूळ वारंवारतेने कंप पावते तेव्हा तिच्यावर दोन जागा स्थिर राहतात, टोकापासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर. तीस सें.मी.ची लाकडी पट्टी टोकापासून पावणेसात सें.मी.वर हलकेच धरून मधोमध ठोका, स्वर निघेल. दुसरीकडे कुठे धरून ठोका, नुसता 'ठप्प' येईल. झायलोफोनच्या पट्ट्याही साधारण याच ठिकाणी टेकवलेल्या असतात. एवढे एक वाक्य गुरूने सांगितले असते तर ते 'मानाचे' दृश्य उपयोगाचे झाले असते.

पण खरा घोळ जाडीच्या आकड्याचा आहे, आणि तिथे थोडे थांबायला हवे.

गिटारचा आवाज मुख्यतः वरच्या फळीतून येतो. स्पेनमधल्या आंतोनियो द तोर्रेस या नामवंत कारागिराने १८६२ साली एक गिटार अशी बनवली की जिच्या बाजू आणि पाठ कागदी लगद्याच्या होत्या. फक्त वरची फळी नेहमीसारखी लाकडाची. ती आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. तेव्हा वरची फळी तासणे हा या विद्येचा गाभा. आमचा गुरू म्हणतो: फळी अकरा शतांश इंच ठेवा, म्हणजे २.८ मि.मी. आम्ही व्हर्नियर कॅलिपर घेऊन जागोजाग मोजत इमानेइतबारे २.८ मि.मी. केली.

बऱ्याच दिवसांनी तो पाठ पुन्हा पाहताना एक गोष्ट ध्यानात आली. गुरू शेवटचे दोन हात मारण्याआधी फळी दोन्ही हातांत धरून जरा वाकवून पाहतो. सारा प्रकार दोन सेकंदांचा. वाकवतो, रंधा फिरवतो, पुन्हा वाकवतो, मग खाली ठेवतो आणि आकडा सांगतो. आकडा तो तोंडाने सांगतो. थांबतो मात्र हातांच्या सांगण्यावरून!

फळीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. ३ मि.मी.ची फळी २.५ मि.मी. केली तर जाडी सतरा टक्क्यांनीच घटते, ताठपणा मात्र बेचाळीस टक्क्यांनी. वर्गात हे दाखवायला दोन सारख्या पातळ पट्ट्या पुरतात. एकीवर एक नुसत्या ठेवल्या तर जोडीचा ताठपणा एकीच्या दुप्पट भरतो. त्याच पूर्ण चिकटवून टाकल्या तर आठपट. जाडी दोन्ही वेळा तीच! मुले आधी मानत नाहीत, म्हणून मोजायला लावावे.

शिवाय लाकूड म्हणजे काही पोलाद नव्हे. एकाच जातीच्या स्प्रूसच्या दोन फळ्या ताठपणात चांगल्याच वेगळ्या निघतात. आमच्याकडे नंतर आणलेल्या दोन फळ्या आम्ही दोन्ही ३ मि.मी. करून ४५ सें.मी. अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवल्या आणि मधोमध एक किलोचे वजन ठेवले. डायल गेजने मोजले तर एक १.७ मि.मी. वाकली, दुसरी २.३ मि.मी. कडक फळी तासत तासत २.७ मि.मी.पर्यंत आणली तेव्हा ती दुसरीइतकी वाकू लागली. म्हणजे 'अकरा शतांश इंच' हा आकडा एका फळीला जाड आहे आणि दुसरीला पातळ. गुरूला हे उत्तम ठाऊक आहे, त्याच्या हातांना तर आहेच. पण शिकवताना त्याने आपल्या हातांचा निर्णय गाळला आणि त्या निर्णयातून एका विशिष्ट फळीपुरता निघालेला आकडा नियम म्हणून दिला. प्रयोगवहीत 'अपेक्षित उत्तर' आधी लिहून मग निरीक्षणे भरणारी मुले आपण पाहतो. त्या मुलांत आणि २.८चा ध्यास घेतलेल्या आम्हा दोघांत फरक नव्हता, आणि आमच्याकडे तर पदव्या होत्या.

आता फुटण्याची हकिकत. फळीच्या आतून आधारपट्ट्या चिकटवण्याचे काम आम्ही ऑगस्टमध्ये केले. सुट्टी तेव्हा होती. मार्चमध्ये एका दुपारी खोलीत कोणी नसताना 'टक्' असा आवाज झाला. जाऊन पाहिले तर घोडीपासून खालच्या कडेपर्यंत फळीला सरळ चीर गेलेली. कारण शोधायला फार वेळ लागला नाही, फक्त लाज वाटायला लागला. पुण्याच्या पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते, तेव्हा लाकडात वजनाच्या सुमारे १६ टक्के पाणी मुरलेले असते. मार्चमध्ये हवा ३० टक्क्यांवर आली की ते ६ टक्क्यांपर्यंत उतरते. स्प्रूस रेषेच्या आडवा आकसतो, लांबीत जवळजवळ नाही. ४०० मि.मी. रुंद फळीला या फरकाने सहा मि.मी.च्या घरात आकसायचे असते. पण आतल्या आधारपट्ट्या तिला आडव्या चिकटलेल्या, त्यांच्या लाकडाच्या रेषा फळीच्या रेषांना छेदून जाणाऱ्या. त्या आकसत नाहीत. फळीपुढे दुसरा मार्ग उरत नाही.

आमचा गुरू याबद्दल काय म्हणतो? दुसऱ्या पाठात एकच वाक्य आहे: खोली ४५ टक्क्यांवर ठेवा. तेवढेच. का, नाही ठेवली तर काय होईल, आणि ज्याच्याकडे अशी खोली नाही त्याने वर्षातल्या कोणत्या महिन्यात चिकटवावे, यांतले काहीही नाही. पण गंमत अशी की चीर गेल्यावर आम्ही सगळे पाठ पुन्हा पाहिले, तेव्हा गुरूच्या मागे भिंतीवर टांगलेला आर्द्रतामापक आम्हाला प्रत्येक दृश्यात दिसू लागला. एका पाठात तर चिकटवण्याआधी तो मान वळवून त्याच्याकडे पाहतो. बोलत काहीच नाही. कॅमेऱ्याने मात्र ते टिपले होते.

विज्ञानाच्या इतिहासात याला एक सुरेख जोड आहे. गुरुत्वीय लहरी टिपण्याच्या उपकरणांसाठी नीलमाच्या स्फटिकाचा विचार चालला होता. स्फटिकाला कंप दिल्यावर तो किती वेळ टिकतो, यावरून त्याचा गुणांक ठरतो. आपली फळी ठोकून ऐकण्याचाच हा अतिशय सूक्ष्म प्रकार. मॉस्को विद्यापीठातल्या गटाने हा गुणांक फार मोठा मोजला होता. पाश्चात्त्य प्रयोगशाळांना तो वीस वर्षे मिळेना, कृती छापलेली असूनही. अखेर मॉस्कोची माणसे ग्लासगोला आली, बरोबर बसून काम झाले, आणि तिथेही तसे आकडे मिळू लागले. हॅरी कॉलिन्स या समाजशास्त्रज्ञाने २००१ साली या प्रकरणावर लेख लिहिला. त्यातला एक तपशील विसरता येत नाही. स्फटिक टांगायच्या धाग्याला अगदी किंचित स्निग्धपणा लागतो, आणि त्यासाठी रशियन शास्त्रज्ञ धागा नाकाच्या दांड्यावरून किंवा कानामागून फिरवीत. असली गोष्ट शोधनिबंधात सहसा कोणी लिहीत नाही. लपवायची असते असे नाही. ती 'कृती' आहे असे करणाऱ्यालाच वाटत नाही.

म्हणून चित्रफितीने हे शिकवता येणारच नाही, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. आम्हाला तो मान्य नाही. नाकावरून फिरवलेला धागा कॅमेऱ्याला दिसला असता, जसा भिंतीवरचा मापक दिसला. शिकवणाऱ्याला जे सांगावेसे वाटत नाही तेही कॅमेरा टिपतो, आणि हीच त्याची पुस्तकावरची मात आहे. ती मात घालवतो तो संकलक. 'इथे काही घडत नाही' म्हणून तो जे कापतो, त्यातच कारागिराचे हात निर्णय घेत असतात. मिरजेला सतार किंवा तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्याजवळ कोणी बसले असेल तर त्याला हे पटेल. घोडीवरून कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा कानस. हे किती तरी वेळ चालते. (घोडीच्या या वक्र पृष्ठाचे महत्त्व सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली लिहून ठेवले आहे.) त्याची दोन मिनिटांची चित्रफीत केली तर काय उरेल? आधी मिटलेला आवाज, नंतर उघडलेला. मधली विद्या गेली.

आमच्या अभ्यासक्रमात एक पाठ याला अपवाद आहे, आणि त्या एका पाठासाठी पैसे वसूल झाले असे आमचे मत आहे. चिकटवलेल्या आधारपट्ट्या पटाशीने उतरवण्याचा हा पाठ पाऊण तासाचा आहे आणि बहुधा कंटाळून कोणी तो कापलेला नाही. संगीतही नाही. पट्टीची रुंदी दहा टक्के कमी केली तर तिचा ताठपणा दहाच टक्के घटतो, उंची दहा टक्के कमी केली तर सत्तावीस टक्के, हे तो आकड्यांत सांगत नाही. पण बाजू तासताना त्याचा हात सैल चालतो आणि माथा उतरवताना प्रत्येक कापानंतर थांबतो, ते आपण पाहतो. विसाव्या मिनिटाला पटाशी उलट्या रेषेत शिरते आणि टवका उचलला जातो. तो थबकतो, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटतो, पट्टी दुसऱ्या टोकाकडून तासू लागतो. टवका सरस लावून परत बसवतो. चूक कशी दिसते, ती झाल्यावर हात काय करतात, हे चाळीस पाठांत आम्हाला फक्त येथे पाहायला मिळाले. सहकाऱ्यांनी तेवढी पाच मिनिटे निदान तीस वेळा पाहिली असतील.

आणखी एक हुकलेली संधी सांगून टाकू. पडद्यांच्या जागा. अभ्यासक्रम म्हणतो, खाचा पाडलेली पट्टी तयार मिळते, वेळ वाचवा. खरे तर शिक्षकाला याहून सोन्यासारखा धडा मिळायचा नाही. तारेची लांबी ६४५ मि.मी. घ्या, १७.८१७ने भागा, पहिला पडदा ३६.२ मि.मी.वर येतो. उरलेली लांबी पुन्हा त्याच संख्येने भागा, दुसरा पडदा. असे बारा वेळा केले की तार बरोबर निम्मी उरते, कारण ही संख्या दोनाच्या बाराव्या मुळातूनच काढलेली आहे. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिलेई यांनी १५८१ साली यासाठी सरळ १८ने भागायला सांगितले होते. तसे केले तर बारावा पडदा सव्वादोन मि.मी. अलीकडे पडतो आणि स्वर अर्धस्वराच्या आठव्या भागाने उतरतो. पण तार पडद्यावर दाबली की ताणली जाऊन तिचा स्वर थोडा चढतो, तेव्हा वडिलांची 'चूक' अंशतः भरून निघते! नववीच्या मुलांना कॅल्क्युलेटर, दोरा आणि मोजपट्टी देऊन हे एका तासात करता येईल.

ज्यांना कारणे हवी आहेत त्यांनी पुस्तकांकडे जावे. क्युम्पियानो आणि नॅटलसन यांचे १९८७चे पुस्तक जुने झाले तरी पायरीपायरीने समजावून सांगते. गोर आणि गिलेट यांच्या २०११च्या दोन खंडांत ताठपणा, घनता आणि अनुनाद मोजून जाडी ठरवण्याची पद्धत आहे. ती वाचायला पदवीपर्यंतचे भौतिकशास्त्र पुरते. आमच्या मते पुस्तक आधी, चित्रफीत नंतर, आणि चित्रफितीतले संगीत शक्य तर बंद करून.

आम्ही गुरूंना पत्र लिहिले. न कापलेले पाठ तुमच्याकडे पडून असतील तर तेच विका, आम्ही जास्त पैसे देऊ, असे कळवले. सभ्य उत्तर आले: बहुतेक विद्यार्थी पाठ लांबल्याची तक्रार करतात. तेही खरे असेल. फुटलेली गिटार आतून पातळ चकत्या चिकटवून जोडली आहे आणि सहकारी तीवर वाजवतात. खालचे स्वर बरे आहेत, वरचे जरा कोंदटलेले. दुसरीची फळी २.७ मि.मी.वर तयार होऊन पिशवीत ठेवली आहे. खोलीतला मापक आज ६८ दाखवतो. तो पन्नासच्या खाली उतरेपर्यंत आधारपट्ट्या चिकटवायच्या नाहीत, असे ठरले आहे.